ज्या कवितेचा अनुवाद नाही

१

भाषा नष्ट व्हावी आणि तिच्यातले गाणे मात्र जगभर फिरत राहावे, असे घडू शकते काय? साहित्याच्या इतिहासात असे एकदा तरी निश्चित घडले आहे. १६७३ साली उप्साला विद्यापीठातील प्राध्यापक योहानेस शेफेरस यांचा 'लॅपोनिया' हा लॅटिन ग्रंथ फ्रांकफुर्ट येथे छापला गेला. युरोपच्या उत्तर टोकाला, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचे कोला द्वीपकल्प अशा चार राज्यांत आज विभागल्या गेलेल्या सामी लोकांविषयीचा हा ग्रंथ. तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनने जे विजय मिळविले ते सामी मांत्रिकांच्या जोरावर, अशी आवई जर्मनीत उठली होती. ती खोडून काढावी, हा ह्या उद्योगामागील एक हेतू होता. उप्सालात शिकत असलेल्या ओलाउस सिर्मा नावाच्या सामी विद्यार्थ्याने शेफेरस यांना आपल्या भाषेतील दोन प्रेमगीते सांगितली आणि ती मूळ शब्दांसह, लॅटिन भाषांतराच्या जोडीने, ग्रंथात छापली गेली.

पुढचा प्रवास कोणत्याही कवीला हेवा वाटावा असा आहे. १७१२ साली लंडनच्या 'स्पेक्टेटर'मध्ये ती गाणी इंग्रजी वेषात प्रकट झाली. त्याच शतकात हेर्डरने त्यांतील एकाला आपल्या लोकगीतसंग्रहात मानाचे स्थान दिले आणि त्या जर्मन रूपावरून लाँगफेलोने १८५५ साली आपल्या 'माय लॉस्ट यूथ' ह्या कवितेचे ध्रुवपद घेतले. म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या एका तरुणाची ओळ लॅटिन, जर्मन आणि इंग्रजी असे तीन उंबरठे ओलांडून अमेरिकन कवितेत जाऊन बसली. परंतु सिर्मा ज्या भाषेत गात होता ती केमी सामी भाषा एकोणिसाव्या शतकात बोलणाऱ्यावाचून संपून गेली. हेर्डरचा संग्रह ज्या काळात युरोपच्या दिवाणखान्यांतून वाचला जात होता, त्याच काळात ती भाषा ओसरत होती. गाण्याच्या कीर्तीने भाषेचे काहीएक राखले नाही.

ही घटना दुःखद आहे एवढे म्हणून भागत नाही, कारण तिच्यात साहित्यसमीक्षेचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. अनुवाद हा भाषांमधला पूल आहे, असे आपण नेहमी म्हणतो. पण ह्या पुलावरून नेहमी कोण जाते? गाणे पलीकडे गेले. पलीकडून मात्र कोणीही अलीकडे आले नाही. सिर्माचे गाणे आवडले म्हणून केमी सामी शिकण्याची गरज कोणालाच भासली नाही. अनुवाद जितका सुरस, तितकी मूळ भाषा अनावश्यक, असा तर ह्याचा अर्थ होत नाही ना? गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत सामी भाषांत जे महत्त्वाचे लेखन झाले, ते ह्या शंकेच्या प्रकाशात पाहिले की त्याचे स्वरूप निराळेच दिसू लागते. प्रस्तुत लेखात तसे पाहण्याचा प्रयत्न करावयाचा आहे.

२

सामी भाषेतील पहिले लौकिक पुस्तक म्हणून १९१० साली प्रसिद्ध झालेल्या योहान तुरी (१८५४–१९३६) याच्या 'मुइतालुस सामीइद बिर्रा' ह्या ग्रंथाचा निर्देश केला जातो. नावाचा अर्थ 'सामींविषयीचे कथन'. त्याआधी ह्या भाषेत जे छापले गेले ते मुख्यतः धर्मोपदेशकांच्या सोयीचे होते. तुरी हा रेनहरणे पाळणाऱ्या कुळातला, पण कीर्ती लांडग्यांचा शिकारी म्हणून. राज्यकर्त्यांना आपले लोक नीट समजलेले नाहीत, समजले असते तर ते असे वागले नसते, अशी त्याची भाबडी म्हणा, उदार म्हणा, पण ठाम समजूत होती. त्यासाठी त्याने पुस्तक लिहावयाचे ठरविले.

ह्या पुस्तकाकडे आजवर बहुधा मानववंशशास्त्राचा दस्तऐवज म्हणून पाहिले गेले. रेनहरणांचे कळप वर्षभर कसे फिरवतात, लांडगा कसा मारतात, बाळंतपण कसे होते, नवे वसाहतवाले आल्यावर जमिनीचे काय झाले, ही सारी माहिती त्यात आहे हे खरे. परंतु माहिती देणारा आणि कथन करणारा यांत भेद आहे. तुरी लांडग्याच्या शिकारीविषयी लिहितो तेव्हा वाक्यांना एक धाप लागलेली असते. बर्फावरून स्कीवर धावणाऱ्या माणसाचा श्वास जिथे तुटतो, तिथे वाक्य तुटते. सांगता सांगता तो आठवणीकडे वळतो, आठवणीतून इशाऱ्याकडे, इशाऱ्यातून विनोदाकडे. ज्या भाषेला लौकिक गद्याची परंपराच नव्हती, तिच्यात बोलण्याच्या लयीतून गद्याचा घाट घडविणे हे सामान्य कर्तृत्व नव्हे. ज्याला आपण 'शैली नसणे' म्हणतो, ती इथे शैली आहे. हे ओळखण्यास समीक्षेने फार वेळ लावला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. औषधोपचार आणि गुप्त विद्या यांच्याविषयी लिहिताना तुरी बजावतो, की मी सगळे सांगणार नाही. पुस्तक जगभर जाईल आणि प्रत्येक गोष्ट प्रत्येकाने जाणावी अशी नसते, हे त्याला ठाऊक आहे. राज्यकर्त्यांना सारे समजावून सांगण्यासाठी लेखणी हाती घेणारा हा मनुष्य, समजावण्याची एक सीमाही स्वतःच आखतो. उघड करणे आणि राखून ठेवणे ह्या दोन प्रेरणांचा ताण ह्या पुस्तकात आरंभापासून अखेरपर्यंत जाणवतो. माझ्या मते ह्या ताणामुळेच ते दस्तऐवजाच्या पातळीवरून वर उठते.

ह्या पुस्तकाचा जन्म कसा झाला तेही पाहण्याजोगे आहे. एमिली डेमांट ही डॅनिश चित्रकर्ती १९०४ साली उत्तर स्वीडनच्या प्रवासात रेल्वेमध्ये तुरीला भेटली. ती कोपनहेगनला परतली, तिथे विल्हेल्म थॉमसन ह्या भाषापंडिताकडे सामी शिकली आणि मग १९०७-०८ मध्ये सामी कुटुंबांबरोबर त्यांच्या तंबूत राहून, त्यांच्याबरोबर डोंगर ओलांडून आली. तुरीने वह्यांत लिहिलेले कागद तिने लावले आणि डॅनिश भाषांतर केले. पुस्तक निघाले ते दोन्ही भाषा समोरासमोर ठेवून. म्हणजे सिर्माच्या बाबतीत जे घडले नव्हते ते इथे घडले. पलीकडची व्यक्ती अलीकडे आली. आधी विद्यार्थिनी झाली आणि मग अनुवादक. १९३१ साली ह्या पुस्तकाचे जे इंग्रजी रूपांतर निघाले ते मात्र डॅनिशवरून केलेले होते. थेट सामीवरून इंग्रजी अनुवाद होण्यास २०११ साल उजाडावे लागले. मूळ भाषेपाशी जाण्याचा कंटाळा जगाला किती दीर्घकाळ पुरतो, त्याचे हे एक माप आहे.

३

तुरी राज्यकर्त्यांना समजावीत होता तेव्हा राज्यकर्ते काय करीत होते? नॉर्वेत १८९८ च्या सूचनेने शाळांत सामी भाषेचा वापर अगदी अडल्याप्रसंगापुरता राहिला. १९०२ च्या नियमांनुसार फिनमार्क प्रांतात सरकारी जमीन विकत घ्यावयाची तर नॉर्वेजियन बोलता, वाचता आणि लिहिता येणे आवश्यक ठरले. फिनलंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर सक्तीच्या शिक्षणासाठी दूरदूरच्या मुलांना शाळेच्या वसतिगृहांत ठेवण्यात आले आणि तिथे बोलायचे ते फिनिश. ह्यांपैकी नॉर्वेतील धोरणाबद्दल नॉर्वेच्या संसदेने २०२४ साली क्षमा मागितली. परंतु वसतिगृहातून घरी परतलेल्या ज्या मुलांनी पुढे स्वतःच्या लेकरांशी सामीत बोलणे टाळले, त्यांच्या घरांतील शांतता क्षमायाचनेने भरून निघत नाही.

निल्स-आस्लाक वाल्केआपा (१९४३–२००१) हा ह्याच पिढीतला. त्याचे सामी नाव आइल्लोहाश. शिक्षण फिनिशमधून झाले. सामी लोकांची बाजू मांडणारी त्याची १९७१ ची पुस्तिकादेखील फिनिशमध्ये आहे. ज्यांच्यावर टीका करावयाची त्यांच्याच भाषेत लिहिणे हे व्यावहारिक होतेच, पण शाळेने लिहिण्यासाठी दुसरी भाषा त्याच्या हाती दिलीच नव्हती, हेही खरे. १९७४ मध्ये त्याचा सामीतील पहिला कवितासंग्रह आला. त्याहीआधी, १९६८ साली, त्याने योइक ह्या पारंपरिक गायनप्रकाराची ध्वनिमुद्रिका काढली होती. योइकला पाद्र्यांनी पाप ठरविले होते आणि शाळांतून ते हद्दपार होते. त्याची एक खूण अशी, की योइक कशाविषयी नसतो. सामी मनुष्य मित्राविषयी योइक गात नाही, तो मित्रालाच गातो. त्यात शब्द थोडे, आरंभ आणि अखेर संदिग्ध. गाणे चालू असेपर्यंत तो मित्र, तो डोंगर, ते जनावर तिथे हजर असते, अशी त्यामागील धारणा.

ही धारणा मनात ठेवून वाल्केआपाच्या 'बेआइवि, आह्चाझान' – 'सूर्य, माझा पिता' – ह्या १९८८ च्या ग्रंथाकडे यावे. ह्या ग्रंथाला १९९१ साली नॉर्डिक परिषदेचे साहित्य-पारितोषिक मिळाले. त्यात कवितांबरोबर जुनी छायाचित्रे आहेत. युरोपातील नाना संग्रहालयांत, संशोधकांच्या कपाटांत पडून असलेली सामी माणसांची चित्रे कवीने वर्षानुवर्षे शोधून आणली. ज्यांची डोकी मोजण्यासाठी ज्यांना कॅमेऱ्यापुढे उभे केले होते, ती माणसे ह्या पुस्तकात पुन्हा आजोबा-आजी झाली. पण ही छायाचित्रे फक्त सामी आवृत्तीत आहेत. अनुवादांत ती घालू दिली नाहीत. घरी परत आणलेली माणसे पुन्हा परमुलखी पाठवावयाची नाहीत, असा हा निश्चय दिसतो.

आणि मग ती २७२ क्रमांकाची कविता. सामी आवृत्तीत ती अनेक पानांवर पसरली आहे. वाक्ये जवळजवळ नाहीतच, शब्द आहेत. रेनहरणांसाठी असलेले शब्द: वयाचे, लिंगाचे, रंगाचे, शिंगांच्या ठेवणीचे, स्वभावाचे. पानावर ते असे विखुरले आहेत, की पुढे काही तुरळक, मग दाटी, मग मागे रेंगाळणारे. कळप जात आहे. ह्या कवितेचा अनुवाद झालेला नाही, आणि तो होऊ नये अशीच कवीची भूमिका होती. १९९७ साली ह्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद झाला, त्यातही ही कविता अनुवादित नाही.

मराठी वाचकाला अडचण कोणती ते समजणे जड जाऊ नये. वासरू, गोऱ्हा, पाडी, कालवड, खोंड, वळू, गाभण, दुभती, भाकड, बांडी, कपिला, मोरी – हे शब्द ओळीने उच्चारून पाहावेत. ज्याचे बालपण गोठ्याजवळ गेले त्याच्या डोळ्यांपुढे संध्याकाळची वाट, धूळ आणि घंटांचा नाद उभा राहील. आता ह्यांचे इंग्रजी करावयाचे तर 'दोन वर्षांची, अजून न व्यालेली गाय' असे पशुवैद्यकाच्या नोंदवहीतले तुकडे हाती येतील. अर्थ पोचेल, पण जनावर पोचणार नाही. वाल्केआपाच्या कवितेत तर शब्द हेच जनावर आहे. शब्दाने कळपाचे वर्णन केलेले नाही, शब्द चालत आहेत. योइक ज्या रीतीने मित्राला हजर करतो, त्या रीतीने ही कविता कळप हजर करते. म्हणून तिचा अनुवाद न होणे हा केवळ बाणेदारपणा नाही, तिच्या घाटाचीच ती मागणी आहे.

४

येथे एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. जी कविता अनुवादित होत नाही ती परक्यांना कळणार नाही, हे ठीक. पण खुद्द सामींपैकी कितीजणांना ती कळते? सामी भाषांपैकी सर्वांत मोठी जी उत्तर सामी, जिच्यात वाल्केआपाने लिहिले, तिचे भाषक सुमारे वीस-पंचवीस हजार. ज्यांच्या आईबापांनी भाषा तोडली असे अनेक सामी तिच्यापासून परक्याइतकेच दूर आहेत. शिवाय कळपामागे जाणे सुटले की तो शब्दसंग्रह भाषकांतही विरळ होतो. मग ही कविता कोणासाठी? स्वतःच्याच लोकांना बाहेर ठेवणारे हे दार नव्हे काय?

ह्या आक्षेपाचे उत्तर मला कवितेत सापडले नाही. ते सापडले एका दुसऱ्या, आणखी लहान भाषेच्या हकिगतीत. फिनलंडमधील इनारी सरोवराच्या काठची इनारी सामी ही भाषा बोलणारे उणेपुरे तीन-चारशे. १९२० च्या साथीने हा समाज आधीच मोडला होता, वसतिगृहांनी उरलेले काम केले. १९९० नंतरच्या काही वर्षांत ही भाषा बोलणारी मुले बोटांवर मोजण्याइतकी राहिली. १९८६ साली स्थापन झालेल्या इनारी सामी भाषा-मंडळीने १९९७ मध्ये 'भाषेचे घरटे' सुरू केले. ही कल्पना न्यूझीलंडच्या माओरी लोकांची, १९८२ ची. शाळेआधीच्या वयाच्या मुलांना दिवसभर एका जागी ठेवावयाचे आणि सांभाळणाऱ्यांनी त्यांच्याशी फक्त इनारी सामीत बोलावयाचे. व्याकरण नाही, धडा नाही. जेवण, भांडण, झोप आणि खेळ, सारे त्या भाषेत.

मुले बोलू लागली. पण मग लक्षात आले, की मधली पिढी गायब आहे. नातवंडे बोलतात, आजोबा बोलतात. शिकविणारे, वर्तमानपत्र लिहिणारे, आजाऱ्याची विचारपूस करणारे वय मात्र मुके. तेव्हा भाषाशास्त्रज्ञ मारिया-लीसा ओल्थुइस यांच्या पुढाकाराने २००९-१० मध्ये सतरा प्रौढांनी एक पूर्ण वर्ष केवळ ही भाषा शिकण्यास दिले. वर्गातील शिक्षणाबरोबर त्यांनी म्हाताऱ्यांच्या घरी जावयाचे, त्यांच्यासह मासे पकडावयाचे, स्वयंपाक करावयाचा, आणि त्या कामांतून भाषा उचलावयाची. वर्ष संपल्यावर त्यांतील मंडळी शाळांत, घरट्यांत, बातम्यांच्या कामात उतरली.

साहित्यसमीक्षेच्या लेखात ही हकिगत कशासाठी, असे कोणी विचारील. ती एवढ्यासाठी, की वाचक ही आपण गृहीत धरलेली वस्तू आहे आणि इनारीत ती घडवावी लागली. कविता आहे म्हणजे तिचा वाचक कुठेतरी असणारच, हे मोठ्या भाषांना परवडणारे गृहीतक आहे. लहान भाषेत पुस्तक छापणाऱ्याला वाचकाच्या बालपणापासून सुरुवात करावी लागते. २७२ क्रमांकाच्या कवितेचे दार बंद आहे असे म्हणणे म्हणूनच अर्धसत्य आहे. त्याला कुलूप नाही, पण उंबरठा उंच आहे. तो ओलांडण्याचा मार्ग अनुवादातून जात नाही, अध्ययनातून जातो. सिर्माचे गाणे वाचकाकडे चालत गेले होते. ही कविता वाचकाला आपल्याकडे चालत यावयास सांगते, मग तो परका असो की स्वतःच्या आजीची भाषा विसरलेला नातू असो.

५

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. शिकून मिळविलेली भाषा पातळ असते, तिच्यातून सकस साहित्य निपजत नाही, आईच्या दुधाबरोबर आलेली भाषाच कवितेची भाषा, असे मानणारे रसिक आपल्याकडेही पुष्कळ. ह्या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. वर्षभरात शिकलेल्या माणसाच्या बोलण्यात फिनिशची वाक्यरचना डोकावणारच. कळपाचे शब्द त्याला कोशातून मिळणार, पायाखालून नव्हे. परंतु भाषेची श्रीमंती एका माणसाच्या तोंडात मोजावयाची नसते. पहिली शिकलेली पिढी जी भाषा पातळ बोलते, ती तिच्या मुलांना मात्र पहिली भाषा म्हणून मिळते, आणि मग त्या पातळपणातही नवे कोंब फुटतात. इनारी सामीतच मिक्काल मोरोत्तया ह्या तरुणाने 'आमोक' ह्या नावाने २००७ साली रॅप गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. हा प्रकार आपल्या अभिरुचीला मानवेल किंवा न मानवेल. पण ज्या भाषेत रागावता येते, शिवी देता येते, बढाई मारता येते, ती भाषा संग्रहालयात ठेवलेली नाही एवढे त्यावरून सिद्ध होते.

आणि येथेच समीक्षकाची खरी परीक्षा आहे. संकटातल्या भाषेत लिहिलेले सारेच थोर, असे म्हणण्याकडे सहृदय माणसाचा कल होतो. ही दया धोक्याची आहे. शाळामास्तर म्हणत असे, ह्या भाषेत वाचण्याजोगे काही नाही. दयाळू समीक्षक म्हणतो, ह्या भाषेतले सगळेच वाचण्याजोगे आहे. दोघांत एक गोष्ट समान आहे. दोघेही प्रत्यक्ष वाचण्याचे कष्ट टाळतात. तुरीचे पुस्तक मोठे आहे ते सामीतले पहिले म्हणून नव्हे. सांगणे आणि राखणे यांतला ताण त्याने गद्यात उतरविला म्हणून ते मोठे. वाल्केआपाची कविता महत्त्वाची आहे ती अनुवाद नाकारते म्हणून नव्हे. तो नकार तिच्या घाटातून अपरिहार्यपणे उगवतो म्हणून ती महत्त्वाची. अनुवाद नाकारणारी पण आत काही नसलेली कवितादेखील उद्या कोणी लिहील, आणि ती वाईट कविता आहे हे सांगावे लागेल. मात्र ते सांगण्याचा अधिकार ज्याने उंबरठा ओलांडला त्याचाच. इनारीच्या घरट्यातून वाढलेल्या एखाद्या मुलीने आपल्याच भाषेतील कवीला, आपल्याच भाषेत, 'हे जमलेले नाही' असे सुनावले, तर मी ती त्या भाषेच्या पुनरुज्जीवनाची सर्वांत खात्रीची खूण मानीन.

अनुवादावर जगणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांनी मग काय करावे? सर्वांनी सामी शिकावे, असा उपदेश कोणी करणार नाही. पण अनुवाद हाती घेताना त्यात काय आले आहे याबरोबरच काय आलेले नाही, याचे भान ठेवणे आपल्या हाती आहे. सिर्माचे गाणे तीन भाषांतून वाचले गेले तेव्हा त्यात काही गळले आहे असे कोणालाच वाटले नाही, आणि ज्या भाषेतून ते आले तिच्याकडे मागे वळून पाहण्याचे कारणही मग उरले नाही. 'सूर्य, माझा पिता' वाचणाऱ्याला तसे वाटण्याची सोय कवीने ठेवलेली नाही. त्या ग्रंथाच्या मध्यावरून एक कळप जातो. आपल्याला तो दिसत नाही, आणि तो तिथे आहे हे मात्र आपल्याला ठाऊक असते.